डावा हात

"यातला ड्रमर गेलाय," सुजय म्हणाला आणि त्याने हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवली. "आधीच सांगितलेलं बरं, ऋजुता."

"गेलाय म्हणजे बँड सोडून?"

"वारला. हे वाजवलं त्याच संध्याकाळी. करंजी घाटात."

उघड्या दाराबाहेर गच्चीवर आई कुरडया घालत होती. तिने चिकाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. सुजय कुलथे माझ्याबरोबर कॉलेजात होता, तेव्हापासून गातो, गिटार वाजवतो. बोलताना कधी थांबायचा नाही. त्या दिवशी मात्र एकेक वाक्य चाचपत बोलत होता.

रेकॉर्डिंग झालं ते पाचेक महिन्यांपूर्वी. दिवाळी सरली होती, पण तुळशीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून पाथर्डी रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय रिकामं मिळालं. तिथला आवाज छान घुमतो म्हणून त्यांनी ड्रम तिथे रेकॉर्ड केले. हॉलमध्ये एकटा नोएल, आणि वधूपक्षाच्या खोलीत दार लावून सुजय लॅपटॉप घेऊन बसलेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी गाणी झाली. मग नोएल मोटारसायकलवरून नगरला निघाला आणि घाटातल्या एका वळणावर वळलाच नाही. सरळ गेला.

"बाकीची वाद्यं आम्ही नंतर वाजवू," सुजय म्हणाला. "आधी तू ड्रम नीट लावून दे. त्याच्यावरच सगळं उभं करायचंय."

नोएल भिंगारदिवेला मी कधीच पाहिलं नव्हतं. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. या काळात शेकडो माणसांचं वाजवणं माझ्या कानांवरून गेलं. पण ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्याइतकं मी कुणालाच ओळखत नाही.

*

आमच्या सावेडीच्या घराच्या गच्चीवरची ती खोली बाबांनी अडगळीसाठी बांधली होती. मी तिच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्या, खिडकी बुजवली, दोन चांगले स्पीकर घेतले आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागले. पंखा चालू ठेवला तर कामात त्याचा आवाज येतो, म्हणून उन्हाळ्यात मी घामाने निथळत बसायची.

ड्रमचं मिक्सिंग म्हणजे एका माणसाचे तुकडे करून तो पुन्हा जोडणं. प्रत्येक ढोलाला वेगळा माइक लावलेला असतो, झांजांना वेगळा, शिवाय हॉलचा घुमारा पकडायला लांब भिंतीशी दोन. मला हवा तो माइक एकटा ऐकता येतो. पायाने वाजणारा मोठा ढोल एकटा, समोरचा तारांचा कडक स्नेअर एकटा. पण माइकला काय, जे समोर असेल ते सगळंच तो घेतो. नोएलचं स्टूल करकरायचं. अवघड जागा आली की तो श्वास रोखायचा आणि ती पार पडली की नाकाने सोडायचा. गाण्याची चाल तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा, थोडी बेसूर. दोन गाण्यांच्या मध्ये पाणी प्यायचा, आणि तो घोटसुद्धा मला ऐकू यायचा.

पहिले काही दिवस मी हे सगळं काढून टाकत होते. काम तेच असतं. मग काढेनाशी झाले. कुठे श्वास सोडणार हे मला पाठ झालं. त्याच्याबरोबर मीही श्वास रोखायला लागले, आणि एकदा तर त्याने सोडल्यावर सोडायचं विसरून गेले.

सगळ्यात विचित्र वाटायचं ते लांबच्या दोन माइकांवर. शेवटचा ठोका पडून गेला तरी हॉल बराच वेळ गुणगुणत राहायचा. तो आवाज विरेपर्यंत आत कुणीतरी बसलंय असं वाटायचं. कुणीतरी बसलेलं असायचंच, म्हणा. मी मान वळवून मागे पाहायची. मागे गादी आणि तिच्यावर टांगलेल्या वायरी.

"कुणाशी बोलतेस गं?" एकदा आईने दारातून विचारलं.

"कुणाशी नाही."

"आत्ता म्हणालीस ना, 'हे मस्त झालं, पुन्हा एकदा ऐकव.'"

आई खोलीकडे एक नजर टाकून पुन्हा कावळे हाकलायला गेली. त्यानंतर ती मला जेवायला हाक मारायची ती उंबऱ्याबाहेरूनच.

*

शेवटच्या गाण्यांपाशी काम अडलं.

स्नेअरचा आवाज पडलेला होता. मला वाटलं, वाजवता वाजवता माइक सरकला असेल. तसं होतं नेहमी. मी आवाज वाढवला, तर बाजूच्या झांजांचा कल्लोळही वाढला. म्हणजे माइक जागेवर होता, ठोकाच हलका होता. शिवाय पायाने उघडझाप करायच्या दोन झांजा, हाय-हॅट म्हणतात त्यांना, त्या सकाळच्या गाण्यांत कशा चपखल मिटायच्या, आणि इथे अर्धवट उघड्या राहून फसफसत होत्या. शेवटच्या गाण्यात तर मधेच काठी खाली पडल्याचा आवाज होता. लाकडी काठी फरशीवर टणटणत गेली आणि नोएल हसला.

मी सुजयला फोन केला. "तो थकला होता का रे?"

"दिवसभर वाजवत होता. थकणारच. मी म्हटलंही, उरलेलं उद्या करू. नको म्हणाला."

"शेवटचं गाणं बरंच ढिलं आहे."

"सांभाळून घे ना. सकाळचे चांगले ठोके उचलून तिथे बसव. कुणाला कळणारे?" मग म्हणाला, "आणि हो, एस्तेरवहिनी येतील तुझ्याकडे. नोएलची बायको. त्यांना ऐकायचंय. मी नको म्हणू शकलो नाही."

*

एस्तेरताई दुसऱ्याच दिवशी दुपारी आल्या. ड्यूटी संपवून आल्या असाव्यात, केस घट्ट बांधलेले आणि पायात पांढरे बूट. एका हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. आईने पन्हं दिलं ते त्यांनी उभ्यानेच संपवलं, पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि माझ्यामागून जिना चढल्या.

खोलीत आल्यावर त्यांनी गाद्यांवरून हात फिरवला. "इथे असतो का तो?"

मी दचकले. त्यांच्या ते लक्षात आलं. "म्हणजे त्याचं वाजवणं," त्या म्हणाल्या.

"हो. बसा ना. कुठलं गाणं लावू?"

"गाणं नको. त्याने सगळ्यात शेवटी जे वाजवलं ते. आणि तुम्ही काही नीटनेटकं केलं असेल तर ते नको, होतं तसं लावा."

"ते तितकंसं चांगलं नाहीये, ताई. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय तर—"

"पहिल्यांदा नाही. चौदा वर्षं ऐकलंय. घरात ताटावर, रविवारी देवळात बाकावर, माझ्या पाठीवर." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला एक सांगा. वाजवण्यावरून कळतं का, माणसाच्या मनात काय चाललंय?"

"थोडंफार कळतं. चिडलेला असला तर कळतं."

"आणि त्याचं ठरलेलं असलं तर?"

"काय ठरलेलं?"

मी त्यांच्याकडे न बघता कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. कधीकधी तेच बरं असतं.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं," त्या म्हणाल्या. "कशावरून ते आता सांगितलं तर तुम्ही हसाल. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला हा येणार नव्हता, त्यावरून. पण ते वाढत गेलं. आणि तो दारातून निघताना मी म्हणाले, संध्याकाळी मला तोंड दाखवू नकोस. सगळेच म्हणतात हो असं. मी त्याआधीही म्हणाले असेन." त्यांनी ओढणी सोडली. "घाटात रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. एकसुद्धा नाही. पोलीस म्हणाले, अंधार पडत होता, वळण दिसलं नसेल. लहानपणापासून त्या घाटाने जाणारा माणूस तो. त्याला वळण दिसणार नाही? देवळात सगळे म्हणतात, प्रभूने बोलावून घेतलं. मी मान हलवते. प्रभूने नाही, मी पाठवलाय त्याला. हे मी कुणाला बोललेले नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं."

मला सांगता आलं नाही की मी त्याला ओळखत होते.

मी गाणं लावलं.

सुरुवातीला त्या नुसत्या ऐकत होत्या, डोळे मिटून. नोएल गुणगुणायला लागला तेव्हा त्यांचा चेहरा एकदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. मी मनात म्हणत होते, रागाचा ठोका असा नसतो. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नसतं आणि माझंही नाही. मग काठी पडली. त्यांनी डोळे उघडले.

"हे काय पडलं?"

"काठी. स्नेअर वाजवायची."

"कुठल्या हातातली?"

"डाव्या. स्नेअर डाव्या हाताने वाजवतात."

"त्याच्या हातातून काठी पडत नाही. तो बोटांवर फिरवायचा, मुलगी म्हणायची तेव्हा." त्या पुढे सरकून बसल्या. "हा डावा हात एकटा ऐकवता येईल?"

मी बाकीचं बंद करून फक्त स्नेअर ठेवला. खोलीत एकच ठोका वाजू लागला. मध्येच जोराचा, मग तीन-चार पोकळ, जणू कुणी दार वाजवतंय आणि आत जावं की नाही हे त्याचं ठरत नाही.

"आणि पाय?"

"उजवा पाय मोठ्या ढोलावर. ऐका." तो ठोका भक्कम होता, सकाळी होता तसाच. "उजवा हात झांजांवर. तोही ठीक आहे. आणि डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर, तो..."

मी बोलता बोलता थांबले. दोन आठवडे मी ते ऐकत होते. एक माइक, दुसरा माइक, असं सुटं सुटं ऐकत होते. माणूस जोडून पाहिलाच नव्हता.

"तो काय?" एस्तेरताईंनी विचारलं. पण त्यांचा आवाज बदलला होता. त्या हॉस्पिटलात असाच बोलत असतील.

"तो मिटतच नाहीये. झांजा उघड्या राहताहेत."

"सकाळचं पहिलं गाणं लावा. फक्त डावा हात. मग पुढचं, त्याच्या पुढचं. ओळीने."

मी लावत गेले. प्रत्येक गाण्याचा थोडासा भाग, फक्त डावा हात. सकाळी तो हात असा होता की खोलीतली हवा कापत जावी. दुपारपर्यंतही तसाच. मग एका गाण्याच्या मध्यावर एक ठोका अर्धा पडला. नंतर नीट. मग दोन अर्धे. हळूहळू त्यातलं बळ गळत गेलं, आणि त्याच वेळी उजवीकडचं सगळं तसंच ठाम चाललं होतं. एकाच माणसाचा निम्मा भाग दुसऱ्या निम्म्याला मागे टाकून पुढे निघून जात होता.

एस्तेरताईंनी स्वतःचा डावा तळवा समोर धरला होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"हा राग नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कॅज्युअल्टीत रोज येतात असे. घरचे सांगतात, सकाळपासून हातातून वस्तू पडत होत्या, आम्हाला वाटलं थकवा. डोक्यात उजव्या बाजूला रक्त अडलं की डावं अंग जातं. एकदम नाही जात नेहमी. असंच, हळूहळू." त्यांनी हात खाली ठेवला. "आणि त्यातल्या कित्येकांना ते कळतही नाही. डावीकडचं जगच त्यांना दिसेनासं होतं. ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवतात आणि म्हणतात, संपलं. ते वळण डावीकडे होतं, ऋजुता."

गाणं संपलं होतं. हॉलचा घुमारा चालू होता. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

शेवटच्या ठोक्याच्या पुढे मी कधी ऐकलंच नव्हतं. तिथून पुढचं कापून टाकतात. आता घुमारा विरला, स्टूल करकरलं, झांजेचा स्क्रू सैल केल्याचा आवाज आला. लांबून दार उघडलं आणि सुजयचा आवाज आला, "जेवून जा ना. भाकरी सांगितलीय कार्यालयवाल्यांना."

"नको रे." तो पहिल्यांदा बोलत होता. मी कल्पना केली होती त्याहून त्याचा आवाज हलका होता. "घरी भांडण अर्धं ठेवून आलोय. बाई वाट बघत असेल उरलेलं करायला."

दोघं हसले. मग पावलं, त्यातलं एक जरा घासत पडणारं, आणि मग रिकामा हॉल.

एस्तेरताईंनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी डोकं एका बाजूला कलवून ऐकलं आणि म्हणाल्या, "'भांडण' ऐका. जीभ जड झालीये. सुजयला कळणं शक्यच नव्हतं." आणि मग अगदी हळू, "मला कळलं असतं. मी फोन केला असता, तो नुसता हॅलो म्हणाला असता, तरी मला कळलं असतं. दिवसभर मी हट्टाने फोन केला नाही."

त्या एक ओझं उतरवायला आल्या होत्या आणि मी त्यांच्या हातात दुसरं दिलं होतं.

"ताई, हे सिद्ध नाही होत," मी म्हणाले. "हे नुसते ड्रम आहेत."

"नाहीच होत," त्या म्हणाल्या. "पण तो घरी येत होता. एवढं तरी आहे ना यात?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. बाहेर आई कावळ्यांवर काठी आपटत होती. खोलीत तिचा आवाज येत नसतो, पण त्या दिवशी येत होता, किंवा मला तसं वाटलं.

*

दोन दिवसांनी सुजय आला तेव्हा त्या मुद्दाम आल्या. मी त्याला सगळं ऐकवलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. गाद्यांत त्याचा आवाज दबून गेल्यासारखा येत होता.

"मी दाराआड लॅपटॉप घेऊन बसलो होतो, वहिनी. नुसते हिरवे दिवे बघत होतो. दिवे लागत होते म्हणजे सगळं ठीक आहे."

"तुला दोष द्यायला आले नाही मी."

"हे गाणं आपण असंच ठेवू," तो म्हणाला. "काही दुरुस्त नाही करायचं. शेवटचं त्याचं बोलणंसुद्धा ठेवू. लोकांना कळू दे, कसा वाजवत राहिला शेवटपर्यंत. हेच खरं आहे."

"खरं माझ्याकडे राहू दे," एस्तेरताई म्हणाल्या. "लोकांना त्याचं वाजवणं द्या. त्याचा लुळा पडलेला हात ऐकून लोक हळहळणार, आणि तो ते वर बसून ऐकणार? एक ठोका चुकला तर रात्रभर झोपायचा नाही तो." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला करता येईल ना नीट? पण दुसऱ्या कुणाचा ठोका घ्यायचा नाही. मशीनचाही नाही."

"त्याचाच घेईन. सकाळचा."

सुजय आणखी काही बोलणार होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग मी ते काम केलं. सकाळच्या गाण्यांतून त्याच्या डाव्या हाताचा एकेक ठोका उचलला, आणि शेवटच्या गाण्यात जिथे तो पडला होता तिथे ठेवला. जोराचा जोराच्या जागी, मुद्दाम हलका वाजवलेला हलक्याच्या जागी. मिटलेल्या झांजा आणल्या. पडलेली काठी काढली, तिच्यामागचं हसू ठेवावं असं फार वाटलं, पण काठी नसताना हसू कशाचं, म्हणून तेही काढलं. दिवसचे दिवस गेले. सकाळचा धडधाकट माणूस मी त्याच्याच संध्याकाळच्या आजारी अंगाला जोडत होते, आणि तो मला अडवत नव्हता. फक्त एका जागी, मी कितीही मोजूनमापून ठेवला तरी, ठोका किंचित आधी पडल्यासारखा वाटायचा. शेवटी तसाच राहू दिला. ती जागा मला अजून ऐकू येते. कुणाकडे लग्नात, कुणाच्या दुकानात ते गाणं लागलं की मी तिथे श्वास रोखते.

मूळ वाजवणं एस्तेरताईंनी घरी नेलं नाही. घरी असलं तर मी दुसरं काही करणार नाही, म्हणाल्या. ते माझ्याकडे आहे.

गाणं पुरं झालं तेव्हा ऐकायला त्या एकट्या आल्या. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले, कारण तिथे मी नको होते. दाराच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती. गाणं संपून बराच वेळ झाला तरी त्या बसून होत्या. मी आत गेले तेव्हा त्यांनी हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि पांढऱ्या बुटाच्या लेस बांधायला वाकल्या.

"चांगलं झालंय," त्या खाली बघतच म्हणाल्या. "या हाताने तो घाट उतरला असता."